मिलवॉकी सोडून कोण चाललंय? ट्रेडच्या अफवांची पन्नास वर्षं

आजचा भाग बास्केटबॉलचा आहे, पण मॅचचा नाही. मॅचेस संपल्यावर जे सुरू होतं त्याचा आहे. एनबीएचा सीझन जूनमध्ये संपतो, नवा ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. मधल्या काळात तिकडे उन्हाळा, आपल्याकडे पावसाळा, आणि कोर्टवर कुणीच नाही. तरी फॅन लोक सगळ्यात जास्त बोलतात ते याच महिन्यांत. विषय एकच: कोण कुठे जाणार?

२०२५ च्या ऑफ-सीझनमध्ये हा प्रश्न यानिस अँटेटोकुम्पोबद्दल होता. ग्रीसमध्ये वाढलेला, नायजेरियन आईवडिलांचा मुलगा. २०१३ मध्ये मिलवॉकी बक्सनं त्याला ड्राफ्टमध्ये १५ व्या नंबरवर घेतलं आणि २०२१ मध्ये त्यानं त्यांना चॅम्पियन केलं. पण २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं बक्स पहिल्याच राऊंडमध्ये घरी. मग झालं सुरू. यानिस न्यूयॉर्कला जाणार. नाही, आणखी कुठेतरी जाणार. त्यानं अमुक फोटो लाईक केला, त्याचा अर्थ काय?

ज्यांना क्रिकेटच जवळचं आहे त्यांच्यासाठी एका ओळीत सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरात टायटन्समधून मुंबई इंडियन्सकडे परत आला तो लिलावातून नव्हे, ट्रेडमधून. एनबीएमध्ये हे सतत चालतं. आणि तिथे बहुतेक वेळा पैशाच्या बदल्यात खेळाडू न देता, खेळाडूच्या बदल्यात खेळाडू आणि भविष्यातले ड्राफ्ट पिक देतात.

आता माझा मुद्दा. "यानिसला जायचंय का?" या प्रश्नाला काही अर्थ आहे, कारण यानिसला काय हवंय याला अर्थ आहे. हे कायम असं नव्हतं. बराच काळ खेळाडूला काय हवंय हे विचारायची कुणाला गरजच नव्हती. ती गरज ज्यांनी निर्माण केली त्यांतले दोघं याच मिलवॉकीच्या जर्सीत खेळले होते. म्हणून आजची गोष्ट बरीचशी या एका गावाची आहे.

सुरुवात एका नाण्यानं होते. १९६९ साली बक्स आणि फिनिक्स सन्स या दोन्ही अगदी नव्या टीम, आदल्याच वर्षी लीगमध्ये आलेल्या. दोघीही आपापल्या विभागात तळाला. तेव्हाचा नियम असा की तळाच्या दोन टीममध्ये टॉस करायचा, जो जिंकेल त्याला ड्राफ्टमधला पहिला नंबर. आणि त्या वर्षी पहिला नंबर म्हणजे लू अल्सिन्डर. सात फुटांहून उंच, कॉलेजमध्ये यूसीएलएला सलग तीन वेळा चॅम्पियन केलेला पोरगा. फिनिक्सनं काय करावं? त्यांनी चक्क फॅन्सचं मत घेतलं: छापा की काटा? लोकांनी छापा सांगितला. काटा पडला. अल्सिन्डर मिलवॉकीला गेला. फॅन्सच्या अंदाजाची इतकी महाग किंमत क्वचितच कुणी मोजली असेल. (आणि २०२१ च्या फायनलमध्ये बक्सनं हरवलं कुणाला? फिनिक्सलाच. शेवटच्या मॅचमध्ये यानिसचे ५० पॉइंट.)

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९७० मध्ये, बक्सनं अल्सिन्डरच्या जोडीला ऑस्कर रॉबर्टसन यांना आणलं. इथे थोडं थांबू या, कारण हा माणूस महत्त्वाचा आहे.

रॉबर्टसन म्हणजे १९६१-६२ च्या पूर्ण सीझनमध्ये मॅचमागे सरासरी ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. पूर्ण सीझनची सरासरी 'ट्रिपल डबल' असणं पुढची ५५ वर्षं कुणाला जमलं नाही, २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकनं केलं तोपर्यंत. पण या माणसानं आपली टीम कधी निवडली? कधीच नाही. १९६० मध्ये लीगमध्ये 'टेरिटोरियल पिक' नावाचा नियम होता. जवळपासच्या कॉलेजचा हिरो त्या शहराच्या टीमला आधीच राखून ठेवता यायचा, म्हणजे तिकिटं खपतील. रॉबर्टसन सिनसिनाटीच्या कॉलेजात शिकले, म्हणून सिनसिनाटी रॉयल्सचे झाले. दहा वर्षं तिथेच.

आणि करार संपल्यावर? इथे खरी गंमत आहे. प्रत्येक खेळाडूच्या करारात एक 'ऑप्शन' कलम असायचं. करार संपला की टीमला तो आणखी एका वर्षासाठी वाढवायचा हक्क. एकच वर्ष, ठीक आहे ना? पण वाढवलेल्या करारात तेच कलम परत असायचं. म्हणजे ते वर्ष संपलं की आणखी एक वर्ष. मग आणखी एक. माझ्यासारखे कोड लिहिणारे याला रिकर्शन म्हणतात, आणि यात बेस केसच नाही. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहतं, बाहेर पडायची वाटच नाही. टीमला हवं तेव्हा ती तुम्हाला दुसरीकडे पाठवू शकते, तुम्हाला हवं म्हणून तुम्ही जाऊ शकत नाही.

अशा जगात ट्रेडची चर्चा व्हायची नाही असं नाही. व्हायचीच. विल्ट चेंबरलेनसारखा, एका मॅचमध्ये १०० पॉइंट करणारा माणूससुद्धा दोनदा ट्रेड झाला, १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून फिलाडेल्फियाला आणि १९६८ च्या ऑफ-सीझनमध्ये तिथून लॉस एंजेलिस लेकर्सला. पण ती चर्चा दोन मालकांची असायची. आपण गाडी विकताना गाडीला विचारतो का?

रॉबर्टसन यांच्याकडे मात्र एक गोष्ट होती जी बहुतेकांकडे नव्हती. त्यांच्या करारात स्वतःचा ट्रेड नाकारायचा हक्क त्यांनी लिहून घेतला होता. १९७० च्या सुरुवातीला रॉयल्सनं त्यांना बाल्टिमोर बुलेट्सला द्यायचं ठरवलं, बदल्यात गस जॉन्सन. रॉबर्टसन नाही म्हणाले. ट्रेड पडला. मग मिलवॉकीचा विषय निघाला, त्याला हो म्हणाले. बदल्यात रॉयल्सला मिळाले फ्लिन रॉबिन्सन आणि चार्ली पॉक. ही नावं तुम्ही ऐकली नसतील, हरकत नाही.

एका वर्षात बक्स चॅम्पियन. १९७१ च्या फायनलमध्ये ४-० असा धुव्वा उडवला तो बाल्टिमोर बुलेट्सचा, म्हणजे ज्या टीममध्ये जायला रॉबर्टसन यांनी नकार दिला होता तिचाच.

पण त्याच एप्रिल १९७० मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, जी मला ट्रेडपेक्षा मोठी वाटते. रॉबर्टसन १९६५ पासून खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्या हुद्द्यावरून त्यांनी आणि इतर खेळाडूंनी मिळून एनबीएवर खटला भरला. निमित्त होतं एबीए. १९६७ मध्ये सुरू झालेली ही दुसरी लीग, तिचा रंगीत बॉल, आणि मुख्य म्हणजे तिचे पैसे. दोन लीग एकाच खेळाडूच्या मागे लागल्या की पगार वाढणारच. मालकांनी उपाय शोधला: दोन्ही लीग एकत्र करू. खेळाडूंना कळलं की तसं झालं तर ऑप्शन कलमाच्या पिंजऱ्याला जी एकुलती एक खिडकी होती तीही बंद. म्हणून खटला: विलीनीकरण थांबवा, आणि हे कलम, ड्राफ्ट, सगळं मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कसोटीवर तपासा.

त्याच सुमारास बेसबॉलमध्ये कर्ट फ्लड नावाचा खेळाडू हीच लढाई लढत होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सनं त्याला फिलाडेल्फियाला ट्रेड केलं, त्यानं जायला नकार दिला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. १९७२ मध्ये ५-३ नं हरला. त्याचं करिअर जवळजवळ तिथेच संपलं. मग बास्केटबॉलचे खेळाडू कसे तरले? एक मोठं कारण असं की बेसबॉलला १९२२ पासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट होती, कोर्टानंच दिलेली. बास्केटबॉलला तशी सूट नव्हती. फ्लडचं दुखणं तेच, पण त्याच्यासमोरची भिंत जाड.

रॉबर्टसन खटल्याचे न्यायाधीश होते रॉबर्ट कार्टर. हे नाव अमेरिकेत वेगळ्या कारणासाठी माहीत आहे. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या १९५४ च्या 'ब्राऊन' खटल्यात ते वकिलांच्या फळीत होते. १९७५ मध्ये त्यांनी लीगची खटला फेटाळण्याची मागणी अमान्य केली आणि मालकांना वारा कुठून वाहतोय ते समजलं. १९७६ मध्ये तडजोड झाली. ऑप्शन कलमाची साखळी तुटली, आणि मग एबीएच्या चार टीम एनबीएमध्ये आल्या: नेट्स, नगेट्स, पेसर्स, स्पर्स.

म्हणजे लगेच सगळे मोकळे झाले असं नाही. सुरुवातीला खेळाडू दुसरीकडे गेला तर जुन्या टीमला भरपाई द्यावी लागायची. नंतर जुन्या टीमला 'आम्ही तेवढेच पैसे देतो, तो आमच्याकडेच राहील' म्हणायचा हक्क आला. अगदी कुठलीही अट नसलेला पहिला मोठा फ्री एजंट उगवला १९८८ मध्ये, टॉम चेंबर्स, सिॲटलहून फिनिक्सला. खटल्यापासून १८ वर्षं.

रॉबर्टसन निवृत्त कधी झाले? १९७४ मध्ये. तडजोड १९७६ ची. ज्या हक्कासाठी सहा वर्षं भांडले तो स्वतःला एक दिवसही वापरता आला नाही.

बरं, मग याचा अफवांशी काय संबंध? सगळा संबंध इथेच आहे. करार खरोखर संपू लागला की टीमच्या मालकाला एक घड्याळ दिसायला लागतं. "हा दोन वर्षांनी फुकट निघून जाईल. मग आत्ताच देऊन बदल्यात काहीतरी घेऊ का?" आज फॅन्स ज्या गणितावर तासन् तास बोलतात ते हे घड्याळ आहे. ते रॉबर्टसन आणि मंडळींनी भिंतीवर लावलं.

आता मिलवॉकीतला दुसरा माणूस. अल्सिन्डर. १९७१ ची फायनल जिंकल्यावर त्यानं आपलं मुस्लिम नाव जाहीरपणे घेतलं, करीम अब्दुल-जब्बार. सहा सीझनमध्ये तीन वेळा एमव्हीपी. गावानं डोक्यावर घेतलेला माणूस. पण जन्म न्यूयॉर्कचा, कॉलेज लॉस एंजेलिसचं, जॅझचा वेडा, वाचणारा, नव्या धर्मात रमलेला. विस्कॉन्सिनमधल्या या थंड, लहान शहरात त्याला आपलं असं काही सापडत नव्हतं. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यानं टीमला खासगीत सांगितलं: मला न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला पाठवा. टीमचे जनरल मॅनेजर होते वेन एम्ब्री. एनबीएमध्ये या पदावर बसलेले पहिले कृष्णवर्णीय, आणि रॉबर्टसन यांचे सिनसिनाटीतले जुने सोबती.

पाच महिने ही गोष्ट आत राहिली. आज पाच मिनिटं राहत नाही! मार्च १९७५ मध्ये न्यूयॉर्कचे समालोचक मार्व्ह अल्बर्ट यांनी बातमी फोडली आणि लगेच करीमनंही कबूल केलं. आणि मग, रेडिओवर, पेपरात, बारमध्ये, तेच सुरू झालं जे आपण आज करतो. निक्स काय देऊ शकतील? लेकर्सकडे कोण आहे? त्यात करीमनं बक्सबद्दल किंवा गावातल्या लोकांबद्दल वाईट काही बोललं नाही, फक्त हे माझं गाव नाही एवढंच. मला हे फार प्रामाणिक वाटतं. एखाद्या शहरात नोकरी चांगली असते, पगार चांगला असतो, माणसंही चांगली असतात, आणि तरी रविवारी संध्याकाळी तिथे करमत नाही. हे बंगळुरूत राहिलेल्या अर्ध्या पुणेकरांना सांगायला नको.

१६ जून १९७५. ट्रेड झाला, लेकर्सबरोबर. करीम आणि वॉल्ट वेस्ली तिकडे. इकडे आले एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, आणि दोन पोरं ज्यांना लेकर्सनं मेच्या शेवटी ड्राफ्टमध्ये घेतलं होतं: डेव्ह मायर्स आणि ज्युनियर ब्रिजमन. म्हणजे लेकर्सची जर्सी अंगावर चढायच्या आत यांचं शहर बदललं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. करीमला विचारलं गेलं, कारण तो करीम होता. चौघांना नाही. हा फरक आजही तसाच आहे, फक्त आपण बोलताना त्या चौघांना 'पॅकेज' म्हणतो.

ट्रेड कुणी जिंकला? आज उत्तर सोपं आहे. करीमनं लेकर्सबरोबर पाच चॅम्पियनशिप घेतल्या. पण पहिलं वर्ष बघा. १९७५-७६ मध्ये लेकर्स ४० जिंकले, ४२ हरले आणि प्लेऑफमध्ये गेलेच नाहीत. बक्स ३८ जिंकले, ४४ हरले आणि चक्क आपल्या डिव्हिजनमध्ये पहिले आले, कारण बाकीचे आणखी वाईट होते. त्या वर्षी ट्विटर असतं तर 'लेकर्स फसले' असे थ्रेड पडले असते, आकडेवारीसकट.

आणि ब्रिजमन. हा मिलवॉकीत रुळला, वर्षानुवर्षं खेळला, त्याचा २ नंबर टीमनं कायमचा राखून ठेवला. निवृत्तीनंतर बर्गरच्या दुकानांच्या फ्रँचायझी घेतल्या, एक, दोन, मग शेकड्यांत, आणि खेळापेक्षा कितीतरी जास्त पैसा त्यात कमावला. २०२४ मध्ये त्यानं मिलवॉकी बक्सचा १० टक्के हिस्सा विकत घेतला. ज्या टीमकडे त्याला न विचारता पाठवलं होतं त्या टीमच्या मालकांपैकी एक झाला! मार्च २०२५ मध्ये तो वारला. ट्रेडचा निकाल लागायला किती वर्षं थांबायचं, याचं उत्तर मला तरी माहीत नाही.

इथे मिलवॉकी थोडा वेळ सोडू आणि सिॲटलला जाऊ, कारण फॅन्सच्या बडबडीनं खरंच काही बदलतं का, याचं सगळ्यात भारी उदाहरण तिथलं आहे. जून १९९४, ड्राफ्टचा दिवस. मायकल जॉर्डन बेसबॉल खेळायला गेलेला, शिकागो बुल्स स्कॉटी पिपेनच्या जिवावर. पिपेन आपल्या कराराला वैतागलेला. बुल्स आणि सिॲटल सुपरसॉनिक्स यांचं जवळपास ठरलं: पिपेन सिॲटलला, शॉन केम्प आणि रिकी पिअर्स शिकागोला. बातमी फुटली. केम्प म्हणजे सिॲटलच्या पोरांचा जीव, असा डंक मारायचा की रिंग हलायची. रेडिओच्या स्पोर्ट्स शोवर लोकांचे फोन सुरू झाले, थांबेचनात. आणि टीमचे मालक बॅरी अकर्ली, त्यांच्याच कंपनीचं शहरातलं स्पोर्ट्स रेडिओ स्टेशन होतं. म्हणजे शिव्या थेट घरच्याच स्पीकरवर. अकर्ली यांनी ट्रेड रद्द केला.

पुढे? मार्च १९९५ मध्ये जॉर्डन परतला. १९९६ च्या फायनलमध्ये समोरासमोर बुल्स आणि सिॲटल, इकडे पिपेन, तिकडे केम्प. बुल्स ४-२ नं जिंकले आणि त्यानंतरची दोन वर्षंही. फॅन्सनी फोन केले नसते तर? हा प्रश्न सिॲटलचे लोक अजून चघळतात. त्यांच्याकडे चघळायला दुसरं फारसं नाहीच, टीमच २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेली.

ओके, आता आपल्या पिढीकडे येऊ. १९९४ चा फॅन फोन करून ओरडत होता. आजचा फॅन हिशेब करतो. याचं कारण सॅलरी कॅप. १९८४-८५ मध्ये लीगनं टीमच्या एकूण पगारावर मर्यादा आणली, ३६ लाख डॉलर. २०२५-२६ मध्ये तीच मर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. आता ही मर्यादा लवचीक आहे, ती ओलांडता येते. पण ओलांडली की ट्रेड करताना पगार जुळवावे लागतात, जेवढ्याचा माणूस घ्यायचा साधारण तेवढ्याची माणसं द्यायची. त्यावर आणखी दोन रेषा आहेत, ज्यांना 'एप्रन' म्हणतात; त्यातली दुसरी २०२३ च्या नव्या नियमांत आली. दुसरा एप्रन २०२५-२६ साठी २० कोटी ७८ लाख. तो ओलांडलेल्या टीमला दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. २०२५-२६ मध्ये यानिसचा पगार होता ५ कोटी ४० लाखांच्या आसपास. म्हणजे ३ कोटीचा एक आणि २ कोटी ४० लाखांचा एक देऊन यानिस घ्या, हे त्या टीमला करताच येणार नाही. विषय संपला.

शिवाय 'स्टेपियन रूल'. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक इतक्या बेफिकीरपणे वाटले की लीगला नियम करावा लागला: सलग दोन भावी वर्षं पहिल्या राऊंडचा पिक हातात नसेल, असं करायचं नाही. बातमीत नेहमी '२०२९ चा पिक' वगैरे विचित्र वर्ष का येतं, त्यामागे बऱ्याचदा हा नियम असतो.

या सगळ्याचं ईएसपीएननं एक ऑनलाइन खेळणं केलं, ट्रेड मशीन. टीम निवडा, खेळाडू ओढा, बटण दाबा, ट्रेड नियमात बसतो की नाही ते ते सांगतं. मला हे खेळणं मनापासून आवडतं. टेस्ट केस पास झाली की जे वाटतं ते तेच. पण मशीन तपासतं ते पगार आणि नियम. त्यात खेळाडूच्या मुलांच्या शाळेचा कॉलम नाही. इतके नियम पाठ असल्यामुळे आजचा फॅन स्वतःला फॅन कमी आणि जनरल मॅनेजर जास्त समजतो. आणि जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसलं की माणूस दिसायचा बंद होतो, करार दिसतो. "तो चांगला आहे रे, पण त्याचा करार वाईट आहे." हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

याचा सगळ्यात लांबलेला नमुना म्हणजे २०२३ चा ऑफ-सीझन. डेमियन लिलार्ड, पोर्टलंडचा लाडका, ११ सीझन एकाच टीममध्ये. १ जुलैला त्यानं ट्रेड मागितला. आणि कुठेही नको, मायामीलाच. मग तीन महिने, अक्षरशः जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, एकच विषय. मायामी काय देणार? टायलर हिरो पोर्टलंडला नको असेल तर तिसरी टीम कोण? शेवटी जुलैच्या अखेरीस लीगनं सगळ्या टीमना पत्रक काढून बजावलं की खेळाडू किंवा त्याचा एजंट 'मी फक्त तिथेच खेळेन' असं सुचवत असेल तर शिक्षा होईल. म्हणजे १९७० मध्ये मालक खेळाडूला हलू देत नव्हते, २०२३ मध्ये लीग खेळाडूला म्हणत होती, बाबा रे, एवढं पण नको.

२७ सप्टेंबरला ट्रेड झाला. मायामी? नाही. मिलवॉकी! ज्या नावाबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नव्हतं. तीन महिन्यांची गणितं एका नोटिफिकेशनमध्ये डिलीट. बक्सनं त्यासाठी जरू हॉलिडेला सोडलं. हा २०२१ च्या चॅम्पियन टीमचा आधार. तो आधी पोर्टलंडला, तिथून चार-पाच दिवसांत बॉस्टनला. आणि २०२४ मध्ये बॉस्टनबरोबर चॅम्पियन. बक्स मात्र पहिल्या राऊंडमध्ये बाहेर. एप्रिल २०२५ च्या प्लेऑफमध्ये लिलार्डच्या टाचेची शीर तुटली, जुलैमध्ये बक्सनं त्याला सोडून दिलं, उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांत विभागून. त्या जागेत मायल्स टर्नरला आणलं. कशासाठी? यानिस खूश राहावा म्हणून. परत तेच घड्याळ.

आणि अफवांचा बाजार किती आंधळा असतो तेही बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये, भर सीझनमध्ये, डॅलसनं लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवलं. कित्येक वर्षांतला सगळ्यात धक्कादायक ट्रेड, आणि त्याची कुजबुजसुद्धा कुठे नव्हती. शॅम्स शरानियानं बातमी टाकली तेव्हा लोकांना वाटलं त्याचं अकाउंट हॅक झालंय. लुकानं ट्रेड मागितला नव्हता. घडवून आणणारे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना काढा म्हणून डॅलसचे फॅन स्वतःच्याच स्टेडियममध्ये घोषणा देत राहिले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना काढलं. सिॲटलच्या फोनपेक्षा हे थोडं उशिराचं. लुका काही परत आला नाही.

तर यानिस. २०२५ चा ऑफ-सीझन संपला तेव्हा तो मिलवॉकीतच होता. त्याला जायचं असेल तर पन्नास वर्षांपूर्वी करीमकडे नव्हती ती सगळी हत्यारं त्याच्याकडे आहेत, संपणारा करार, लाखो फॅन्सचा दबाव. पण 'मला तिथे पाठवू नका' म्हणायचा लेखी हक्क त्याच्याकडे नाही. तसं कलम करारात घालायला लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्या टीममध्ये किमान चार वर्षं झालेली असावी लागतात, आणि ते नव्या करारातच घालता येतं, चालू करार वाढवताना नाही. यानिस आजवर करार वाढवतच आलाय.

ते कलम २०२५ मध्ये कुणी मिळवलं माहितीये? लिलार्डनं. मिलवॉकीनं सोडल्यावर तो पोर्टलंडला परतला, दुखावलेल्या पायासकट, तीन वर्षांच्या करारावर. आणि त्यात त्यानं ट्रेड नाकारायचा हक्क लिहून घेतला, १९७० मध्ये ऑस्कर रॉबर्टसन यांच्याकडे होता तसाच. पोर्टलंडच्या फॅन्सनी पुढच्या ऑफ-सीझनमध्ये ट्रेड मशीनवर त्याचं नाव कितीही ओढलं तरी शेवटचं बटण आता त्याच्या हातात आहे.

चला, आज इतकंच. भेटू पुढच्या भागात.